दानवीर ज्युलियस रोझनवाल्ड

गुलाम म्हणून जन्मास येऊन पुढे टस्कीगी येथील प्रख्यात विद्यालयाचे संस्थापक झालेले बुकर वॉशिंग्टन हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस परिचयाचे असतील. त्यांचे आत्मचरित्र १९०१ साली प्रसिद्ध झाले आणि आपल्या देशातही ते आवडीने वाचले गेले. परंतु त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या चार वर्षांत जो एक शिकागोचा व्यापारी त्यांच्या पाठीशी उभा राहिला, त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. अमेरिकेत मात्र एके काळी ते खेडोपाडी ठाऊक होते. ते नाव ज्युलियस रोझनवाल्ड.

अमेरिकेत त्यांच्याहून मोठे धनिक होऊन गेले. कार्नेगी व रॉकफेलर ह्यांच्या देणग्यांपुढे रोझनवाल्ड ह्यांची देणगी आकड्याने लहानच ठरेल. तरीही शिक्षणनिधी गोळा करणाऱ्या आणि तो कसा खर्च करावा ह्याची दरवर्षी चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी अभ्यासावे असे चरित्र मला त्यांचेच वाटते. किती दिले ह्यापेक्षा कसे दिले, हा त्यातील खरा भाग आहे.

रोझनवाल्ड ह्यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी इलिनॉय प्रांतातील स्प्रिंगफील्ड ह्या गावी झाला. त्यांचे वडील सॅम्युएल हे जर्मनीतून १८५४ साली अमेरिकेत आलेले ज्यू गृहस्थ. प्रारंभी पाठीवर माल घेऊन दारोदार विकणे, नंतर तयार कपड्यांचे दुकान, असा त्यांचा प्रवास झाला. घर अब्राहम लिंकन ह्यांच्या राहत्या घराच्या अगदी जवळ होते. ज्युलियसचा जन्म झाला त्या वेळी लिंकन राष्ट्राध्यक्ष होते आणि यादवी युद्ध चालू होते. ज्युलियसचे शालेय शिक्षण पुरे झाले नाही. सोळा सतरा वर्षांच्या वयात त्यांना न्यूयॉर्क येथे मामांकडे कपड्याचा धंदा शिकण्यास पाठविण्यात आले. ज्याने स्वतः हायस्कूल पुरे केले नाही त्याच्या नावावर पुढे हजारो शाळा उभ्या राहिल्या, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शिकागोत कपड्यांचा स्वतंत्र धंदा करीत असताना १८९५ साली त्यांनी मेव्हणे ॲरन नुसबॉम ह्यांच्यासह सीअर्स, रोबक ह्या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीत ७५,००० डॉलरांस निम्मी भागी घेतली. रिचर्ड सीअर्स हे जाहिरातीचे जादूगार. त्यांच्या सूचीपुस्तकातील वर्णने वाचून शेतकरी एवढ्या मागण्या धाडीत की, कधी कधी माल हाती येण्यापूर्वीच पैसे येऊन पडत. रोझनवाल्ड ह्यांनी ह्या गोंधळास शिस्त लावली. वर्णन खरे असावे, माल तपासून पाठवावा, पसंत न पडल्यास पैसे परत करावेत, हा त्यांचा नेम. १९०८ साली ते कंपनीचे अध्यक्ष झाले. पुढे १९२१ च्या मंदीत कंपनी बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा सुमारे दोन कोटी डॉलरांची स्वतःची मालमत्ता पणास लावून त्यांनी ती वाचविली.

चरित्र लिहिताना दोष झाकू नयेत. १९१३ साली इलिनॉयच्या विधिमंडळाच्या समितीपुढे रोझनवाल्ड ह्यांची साक्ष झाली. कंपनीत काम करणाऱ्या तरुण मुलींना मिळणारे वेतन फार अपुरे असून त्यामुळे त्या वाममार्गास लागण्याचा धोका असतो, असा आक्षेप होता. वेतनाचा आणि नीतीचा असा संबंध त्यांनी नाकारला. त्यांचे ते उत्तर आज वाचणाऱ्यास समाधान देत नाही. १९१६ साली त्यांनी नोकरांना नफ्यात वाटा देणारी योजना सुरू केली ही गोष्टही खरी. परंतु ज्या हाताने शाळा बांधल्या तोच हात वेतन देताना आखडता होता, हे नमूद करणे भाग आहे.

शिकागोतील त्यांचे धर्मगुरू एमिल हर्श हे द्रव्यवान मनुष्य समाजाचा ऋणी असतो अशी शिकवण देत. तिचा रोझनवाल्ड ह्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९१० साली एका स्नेह्याने त्यांस दोन पुस्तके वाचावयास दिली. त्यांपैकी एक वॉशिंग्टन ह्यांचे आत्मचरित्र होते. युरोपात ज्यूंचा जो छळ चालला होता तो त्यांस ठाऊक होता, आणि आपल्याच देशात कृष्णवर्णीयांची जी अवस्था होती ती त्याहून निराळी नाही असे त्यांस वाटू लागले. त्याच वर्षी त्यांनी घोषणा केली की, जे शहर कृष्णवर्णीय तरुणांसाठी वायएमसीएची इमारत उभारण्यास ७५,००० डॉलर जमवील त्यास आपण २५,००० डॉलर देऊ. लोकांनी तीन हिस्से उभे करावेत म्हणजे चौथा आपला, ही त्यांची पद्धत येथे प्रथम दिसते. १९११ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन शिकागोस आले आणि दोघांची भेट झाली. त्याच वर्षी रोझनवाल्ड सहकुटुंब टस्कीगी पाहून आले आणि पुढील वर्षी त्या विद्यालयाचे विश्वस्त झाले.

दक्षिणेतील परिस्थिती त्या वेळी कशी होती हे सांगितल्यावाचून पुढील गोष्टीचे मोल कळणार नाही. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वेगळे पण समान हे तत्त्व मान्य केले आणि गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या. त्यांतील समानता मात्र कागदावरच राहिली. जिल्ह्याच्या शाळामंडळात सर्व सभासद गोरे. कर सर्वांकडून घेतला जाई, आणि खर्चाची वेळ आली म्हणजे कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्यास अल्पसा अंश येई. पुष्कळ ठिकाणी शाळेस इमारतच नसे. प्रार्थनामंदिरात, पडक्या झोपडीत, फटींतून वारा येणाऱ्या खोलीत साठ सत्तर मुले बसत. कापसाच्या हंगामाप्रमाणे शाळा भरे आणि बंद होई.

१२ ऑगस्ट १९१२ रोजी रोझनवाल्ड ह्यांस पन्नास वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने त्यांनी निरनिराळ्या संस्थांस मिळून जवळ जवळ सात लाख डॉलर दिले. त्यांत टस्कीगीकडे आलेले २५,००० डॉलर टस्कीगीच्या धर्तीवर निघालेल्या लहान संस्थांना वाटावयाचे होते. वाटप झाल्यावर थोडी रक्कम उरली. वॉशिंग्टन ह्यांनी शिकागोस पत्र लिहून विचारले की, ह्या शिलकीतून टस्कीगीच्या आसपासच्या खेड्यांत सहा लहान शाळा बांधून पाहाव्यात काय? ज्या योजनेवर पुढे कोट्यवधी डॉलर खर्च झाले ती एका देणगीच्या शिलकीतून निघाली. उरलेल्या रकमेचे काय करावे हे देणाऱ्यास विचारण्याचा प्रामाणिकपणा वॉशिंग्टन ह्यांच्या ठिकाणी नसता तर ही हकिकत येथेच संपली असती. संस्थांच्या चिटणीसांनी व खजिनदारांनी हा प्रसंग विसरू नये.

रोझनवाल्ड ह्यांनी होकार दिला. आपल्या कंपनीकडून इमारतीचे सुटे भाग स्वस्तात पाठवावेत असा विचारही त्यांच्या मनात आला होता. शेवटी ते व्यापारीच. पण वॉशिंग्टन ह्यांचे मत असे की, लाकूड गावचे असावे, सुतार गावचा असावा आणि घाम गावचा असावा, म्हणजे शाळा गावची होते. हेच मत मान्य झाले.

पहिली शाळा आलाबामा प्रांतात लोचापोका येथे १९१३ साली पुरी झाली. तिचा हिशेब मुद्दाम देतो. एकंदर खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यांत रोझनवाल्ड ह्यांचे ३०० डॉलर. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी जमिनीसाठी १५० डॉलर रोख जमविले आणि १३२ डॉलर ५० सेंटांची मजुरी अंगमेहनतीने दिली. उरलेले ३६० डॉलर आसपासच्या गोऱ्या रहिवाशांकडून आले. ह्या छोट्या हिशेबात रोझनवाल्ड ह्यांची सारी योजना दिसते. दात्याचा हिस्सा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. ज्यांच्या मुलांसाठी शाळा, त्यांचा हिस्सा त्याच्या जवळपास आहे, आणि अंगमेहनतीचीही डॉलरांत नोंद झालेली आहे. आपल्याकडे श्रमदानाचे कौतुक भाषणात होते, जमाखर्चात होत नाही. तेथे ते खात्यावर जमा झाले, आणि ज्याच्यापाशी रोख पैसा नव्हता तोही वर्गणीदार ठरला.

सहा शाळा यशस्वी झाल्यावर १९१४ साली शंभर शाळांसाठी ३०,००० डॉलर मिळाले, आणि १९१६ साली आणखी दोनशे शाळांस संमती मिळाली. मधल्या काळात, नोव्हेंबर १९१५ मध्ये, वॉशिंग्टन निवर्तले. १९१७ साली रोझनवाल्ड ह्यांनी आपल्या नावाचा निधी रीतसर स्थापन केला.

ह्या निधीच्या अटी फार विचारपूर्वक ठरविलेल्या होत्या. निधीने स्वतः एकही शाळा चालविली नाही. गावाने आपला वाटा आधी जमवावा, जिल्ह्याच्या शाळामंडळाने करातून आपला वाटा घालावा, आणि जमीन व इमारत ही दोन्ही शाळामंडळाच्या नावे करून द्यावीत, तरच निधीची रक्कम मिळे. शाळेस निदान दोन एकर जागा पाहिजे, वर्षातून निदान पाच महिने शाळा भरली पाहिजे, बाके व फळे पाहिजेत, स्वच्छ शौचकूप पाहिजेत, अशाही अटी कालांतराने आल्या. इमारत सरकारजमा का करावयाची, असा प्रश्न कोणासही पडेल. ज्याने पैसे दिले त्याच्या नावाची पाटी लावून संस्था खाजगी ठेवणे अधिक सोपे नव्हते काय? परंतु रोझनवाल्ड ह्यांचा कटाक्ष ह्याच ठिकाणी होता. शिक्षण हे सरकारचे कर्तव्य आहे. खाजगी दात्याने ते आपल्या अंगावर घेतले म्हणजे सरकार मोकळे होते. इमारत एकदा शाळामंडळाची झाली की शिक्षकाचा पगार व डागडुजी ह्यांची जबाबदारी त्या मंडळास कायद्याने टाळता येत नाही. दात्याचा पैसा एकदाच लागतो, मंडळाचा दरवर्षी. देणगीच्या आमिषाने नाखूष मंडळास त्याच्याच कर्तव्याकडे ओढून आणण्याची ही युक्ती होती.

इमारतींविषयी एक गोष्ट माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास फार आवडली. ह्या खेड्यांत वीज नव्हती. टस्कीगीचे स्थापत्यविशारद रॉबर्ट टेलर ह्यांनी आरंभी व पुढे निधीच्या कचेरीतील सॅम्युएल स्मिथ ह्यांनी जे नकाशे तयार केले, त्यांत उंच खिडक्यांची सलग रांग असे आणि प्रकाश मुलांच्या डावीकडून यावा अशी बैठक असे. डाव्या बाजूने का, तर उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून! शाळा कोणत्या दिशेस तोंड करून बांधावी हे देखील छापील नकाशात दिलेले असे. दोन वर्गांमधील भिंत सरकती ठेवीत, म्हणजे ती बाजूस केली की गावाच्या सभेसाठी मोठे दालन मिळे. वर्गात उजेड कोणत्या बाजूने येतो हे ज्याने खेड्यातील शाळेत पावसाळा काढला आहे त्यालाच कळते.

सर्व काही सुरळीत चालले असे मात्र नाही. शाळांची संख्या भराभर वाढली तेव्हा टस्कीगीहून देखरेख पुरी पडेना. फ्लेचर ड्रेसलर ह्या तज्ज्ञाकडून पाहणी करविली असता काही ठिकाणी बांधकाम कच्चे व नकाशाबाहेरचे आढळले. १९२० साली निधीची कचेरी नॅशव्हिल येथे हलविण्यात आली. त्यामुळे टस्कीगीच्या कृष्णवर्णीय चालकांच्या हातून कारभार गेला व गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती आला. काम सुधारले, पण मान दुखावला गेला. असा प्रसंग प्रत्येक वाढत्या संस्थेच्या आयुष्यात येतो, आणि त्यात दोन्ही बाजू खऱ्या असतात.

आता गावकऱ्यांविषयी. ह्या लोकांपाशी होते काय? बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकविणारे, वर्षअखेर सावकाराच्या वहीत देणेच उरलेले. त्यांनी कोठे एक एकर कापूस शाळेच्या नावाने राखून ठेवला, कोठे कोंबड्या विकल्या, कोठे बायकांनी जेवणे करून विकली. आलाबामातील बोलिगी ह्या गावच्या सभेत गुलामगिरीत जन्मलेल्या एका वृद्धाने आपली मळकट थैली मेजावर पालथी केली. साऱ्या आयुष्याची बचत, ३८ डॉलर. आपल्या नातवंडांना संधी मिळावी एवढेच त्याचे म्हणणे होते.

१९३२ साली बांधकामाचा कार्यक्रम थांबला, तोपर्यंत पंधरा प्रांतांतील ८८३ जिल्ह्यांत ४,९७७ शाळा, शिक्षकांसाठी २१७ घरे व १६३ उद्योगशाळा, अशा एकंदर ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांत साडेसहा लाखांहून अधिक मुलांची सोय होती. खर्च झाला २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यांपैकी रोझनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख ६७ हजार, गोऱ्या देणगीदारांचे सुमारे १२ लाख १२ हजार, आणि करांतून सुमारे १ कोटी ८१ लाख. कृष्णवर्णीयांनी वर्गणीने दिले सुमारे ४७ लाख २६ हजार. म्हणजे ज्यांस आपण दान घेणारे म्हणतो त्या गरिबांनी दात्यापेक्षा अधिक दिले!

ह्याच जागी ह्या योजनेवरील मोठा आक्षेप उभा राहतो. कृष्णवर्णीय शेतकरी कर भरीतच होता. त्याच्या करातून गोऱ्यांच्या मुलांच्या शाळा चालत, आणि स्वतःच्या मुलांसाठी त्यास पुन्हा वर्गणी द्यावी लागे. गोऱ्या गावास अशी अट कोणी घातली नव्हती. एकाच शाळेचे मोल दोनदा देणे हा अन्याय होय, आणि रोझनवाल्ड ह्यांच्या पद्धतीने तो दूर केला नाही; उलट तो गृहीत धरला. वेगळ्या शाळांची रूढीही त्यांनी मोडली नाही. तिच्या चौकटीत राहूनच त्यांनी काम केले. मला असे वाटते की, स्वावलंबनाचा गौरव करताना आपण ह्या गोष्टीकडे नेहमी काणाडोळा करतो. ज्याचा हक्क आहे त्याने स्वावलंबी व्हावे असे सांगणे सोपे असते. तथापि ती मुले कायदा बदलण्याची वाट पाहत बसली असती तर त्यांचे बालपण तसेच गेले असते, हेही तितकेच खरे.

लोचापोकाची शाळा उभी राहिली त्याच १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आणि त्याच काळात कोल्हापुरात, १९०१ पासून, शाहू छत्रपतींच्या उत्तेजनाने निरनिराळ्या ज्ञातींची विद्यार्थी वसतिगृहे निघत होती. दरबाराने जागा व साह्य द्यावे, ज्ञातीने आपली वर्गणी जमवावी, असाच तेथील प्रघात होता. ह्या दोन प्रयत्नांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांनी मूठ मूठ धान्य आणि चार चार आणे गोळा करून जे केले, त्याच जातीचे ते काम होते, एवढे वाचकांच्या ध्यानी यावे.

रोझनवाल्ड ह्यांचे दुसरे मत आपल्या संस्थांस कडू लागेल. कायम निधी त्यांस मान्य नव्हता. मुद्दल अभंग ठेवून केवळ व्याज खर्च करावे ही पद्धत त्यांस हानिकारक वाटे. आजच्या पिढीने आजच्या गरजा भागवाव्यात; उद्याच्या पिढीस उद्याचे दाते मिळतील; मेलेल्या माणसाच्या अटी जिवंतांवर लादू नयेत; आणि पैसा साचला की तो सांभाळणारे लोक कामापेक्षा पैशासच जपू लागतात, असा त्यांचा विचार. १९२९ साली एका मासिकात लेख लिहून त्यांनी तो जाहीरपणे मांडला. त्याआधी १९२८ साली निधीची पुनर्रचना करताना त्यांनी अट घातली की, आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत व्याज तर काय, मुद्दलही संपले पाहिजे. दात्याने आपलाच निधी संपविण्याची मुदत ठरवून द्यावी हे विलक्षण होय. आमच्याकडे मुद्दलास हात लावण्याचा ठराव आला की सभा रात्री उशिरापर्यंत चालते. त्यांचे मत मी पूर्णपणे मान्य करीत नाही, कारण ज्या ज्ञातीत दाते थोडे तिने थोडे पुढल्यासाठी ठेवावे. पण बँकेतील ठेव वाढत गेली आणि शिष्यवृत्ती पूर्वीच्याच आकड्यावर राहिली, तर ते बरोबर नाही एवढे तरी कबूल करावे लागेल.

नावाचाही त्यांस मोह नव्हता. शिकागोतील विज्ञान व उद्योगांच्या संग्रहालयास त्यांनी लक्षावधी डॉलर दिले. त्यास त्यांचे नाव देण्याचे ठरले असता त्यांनीच ते काढावयास लावले. खेड्यांतील लोक मात्र ऐकेनात. शाळेत त्यांची तसबीर लावून ते मोकळे झाले.

६ जानेवारी १९३२ रोजी रोझनवाल्ड ह्यांचे निधन झाले. मंदीमुळे कंपनीच्या समभागांची किंमत फार उतरली होती, तरी निधीचे काम चालू राहिले. निधीच्या पैशाची अखेरची शाळा जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या आग्रहावरून बांधण्यात आली व १९३७ साली उघडली. शाळांबरोबर बुद्धिमान स्त्रीपुरुषांस शिष्यवृत्त्या देण्याचेही काम चाले. गायिका मॅरियन अँडरसन व कवी लँगस्टन ह्यूज ह्यांस त्या मिळाल्या. केनेथ व मेमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ दांपत्यासही ती मिळाली. गोऱ्या व काळ्या बाहुल्या पुढे ठेवून ह्या दांपत्याने लहान मुलांच्या मनावर भेदभावाचा कसा परिणाम होतो ते तपासले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या, तेव्हा अशा अभ्यासांचा आधार घेण्यात आला होता. जी चौकट रोझनवाल्ड ह्यांनी मोडली नाही ती मोडण्याच्या कामी त्यांचा पैसा असा उपयोगी पडला. हे पाहण्यास निधी उरला नव्हता. पंचवीस वर्षांची मुदत होती, पण विश्वस्तांनी १९४८ सालीच सर्व रक्कम खर्चून तो बंद केला होता.

शाळा एकत्र झाल्यावर ह्या लाकडी इमारती ओस पडल्या. काही विकल्या गेल्या, काहींत गवत भरले, पुष्कळ कोसळल्या. २००२ साली तेथील राष्ट्रीय वारसासंस्थेने त्यांची गणना नाशाच्या मार्गावरील वास्तूंत केली. जानेवारी २०२१ मध्ये रोझनवाल्ड व त्यांच्या शाळा ह्यांचे स्मारक राष्ट्रीय उद्यान खात्याकडे देता येईल काय हे तपासण्याचा कायदा झाला. पाच हजारांपैकी सुमारे पाचशे इमारती उरल्या आहेत असे समजतात. त्यांतील काहींच्या दुरुस्तीसाठी तेथे शिकलेली वृद्ध माणसे पुन्हा एकदा गावात वर्गणी गोळा करीत आहेत.